मूल घरी आले, मग देखरेख कधी संपणार?

मानखुर्दच्या बालगृहातून मूल घरी आणलेल्या आया कागद घेऊन माझ्याकडे येतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "हे कधीपर्यंत चालणार?" मी आदेश वाचते. मूल आईच्या ताब्यात दिल्याचे लिहिलेले असते, समाजसेवक घरी भेट देतील असेही असते. कधीपर्यंत, ते नसते.

मुळात कायद्यातच ती जागा रिकामी आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ३७ प्रमाणे बाल कल्याण समिती मुलाला पालकांकडे परत देऊ शकते, देखरेखीसह किंवा देखरेखीशिवाय. ही देखरेख जास्तीत जास्त किती काळ चालेल, हे तिथे सांगितलेले नाही. आता याच कायद्याचे कलम १८ पाहा. गुन्हा केलेल्या मुलाला चांगल्या वर्तनाच्या हमीवर पालकांच्या हवाली केले, तर ती हमी ३ वर्षांपलीकडे जात नाही. म्हणजे गुन्हा केलेल्या मुलाला मुदत आहे. पण देवनारच्या कचऱ्यात किंवा जरीच्या कारखान्यात सापडलेल्या मुलाला नाही!

कुणी म्हणेल, देखरेखीने बिघडते काय? प्रत्येक तारखेला आईची रोजी बुडते. मूल पुन्हा नेतील या भीतीने ती समाजसेवकापासून अडचण लपवते. ज्याच्याकडे मदत मागायची, त्यालाच घाबरायचे, अशी तिची अवस्था होते.

पण आदेश घाईने संपवणेही तितकेच वाईट. २०२० मध्ये कोविडच्या काळात राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने महाराष्ट्रासह ८ राज्यांना बालगृहांतील मुले १०० दिवसांत घरी पाठवण्यास सांगितले होते. त्याच डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरी परतलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी दरमहा २,००० रुपये देण्याचा आदेश दिला. घराला आधार लागतो, हे न्यायालयाने ओळखले. ज्या घरात मारहाण होत होती, ते घर १०० दिवसांच्या हिशोबाने सुरक्षित होत नाही.

इंग्लंडमध्ये देखरेखीचा आदेश आधी १ वर्षाचा असतो आणि वाढवला तरी एकूण ३ वर्षांपर्यंतच जातो. मूल घरीच राहत असेल, तर पालकत्वाचे अधिकार स्थानिक प्रशासनाला देणारा अधिक कडक आदेश केवळ अपवाद म्हणून द्यावा, असे तिथल्या अपील न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

माझे म्हणणे असे की, आदेश देतानाच त्यात फेरविचाराची तारीख लिहावी. त्या दिवशी समितीने ३ प्रश्न विचारावेत. मूल ज्या कारणाने नेले होते, ते कारण दूर झाले का? मुलाशी एकट्याने, पालक समोर नसताना, बोलणे झाले का? आणि जे उरले आहे, तो धोका आहे की फक्त गरिबी? धोका उरला असेल तर देखरेख वाढवावी, पण कारण लेखी द्यावे. नसेल तर आदेश तिथेच संपवावा.

गरिबी हे देखरेखीचे कारण होऊ शकत नाही. आर्थिक मदतीचा आदेश कलम ३७ मध्येच वेगळा दिलेला आहे. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये मिळतात. देखरेख संपली म्हणून मदत तुटू नये, आणि मदत हवी म्हणून देखरेख सोसावी लागू नये.

आपल्या मोहल्ल्यांनाही यात काम आहे. आदेश संपवण्याचा अर्ज लिहून द्या, शाळेतील हजेरीचा दाखला काढून द्या, तारखेला आईसोबत जा. समितीचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत अपील करता येते, हे तिला सांगा. आणि सरकारी माणसाच्या भेटी थांबल्यावर त्या घराची खबर घेत राहा. शेजारची खाला दार वाजवते, तेव्हा त्या आईला भीती वाटत नाही.