उथळ पाण्यांतील धन कोणाचें?

नदीवर स्नान करतांना एखाद्याच्या बोटांतील अंगठी पाण्यांत गळून पडली, तर ती कोणाची? हा प्रश्न वर्गांत घातला असतां ‘ज्याची हरवली त्याची’ असें उत्तर तत्काळ येतें. तीच अंगठी दहा वर्षांनीं दुसऱ्या कोणास सांपडली तर काय, असें विचारतांच थोडी चुळबुळ सुरू होते. आणि शंभर वर्षांनीं सांपडली असें म्हटलें कीं सारा वर्ग ‘ज्यास सांपडली त्याची’ असा एकमुखानें निकाल देऊन मोकळा होतो. मधल्या नव्वद वर्षांत मालकाचा हक्क नेमका कोणत्या दिवशीं विरघळला, हें मात्र कोणासच सांगतां येत नाहीं.

प्रश्न पोरकट वाटला तरी तसा नाहीं. युरोप-अमेरिकेंत गोड्या पाण्याच्या सरोवरांच्या कांठीं, हातांत धातुशोधक यंत्र व जाळीदार पावडें घेऊन, गुडघाभर पाण्यांत स्नानार्थी लोकांच्या पडलेल्या वस्तू हुडकीत फिरणें हा पुष्कळांचा सुटीचा छंद झाला आहे. तें यंत्र, ज्यास आपले लोकहि मेटल डिटेक्टर ह्याच नांवानें ओळखतात, आतां आपल्या बाजारांतहि विकत मिळतें. बदलापूरची उल्हास नदी, बारवी धरणाचा जलाशय, अंबरनाथची वालधुनी, चिखलोलीचें धरण, अशीं पाणीं आपल्या भोंवतीं आहेत, आणि सुटींत मोकळीं असणारीं मुलेंहि आहेत. तेव्हां ह्या छंदाचें बरेंवाईट आधींच तोलून पाहिलेलें बरें.

यंत्रावांचून पाण्यांत शोध करणें आपणांस नवें नाहीं. नाशिकास रामकुंडावर दोरीच्या टोकास लोहचुंबक बांधून, यात्रेकरूंनीं टाकलेले पैसे वर काढणारीं मुलें पुष्कळांनीं पाहिलीं असतील. त्यांस पाहून कित्येक लोक नाकें मुरडतात. मला तीं मुलें अभ्यासू वाटतात. कोणतें नाणें चुंबकास चिकटतें व कोणतें चिकटत नाहीं, हें त्यांस आपल्या पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांहून अधिक ठाऊक असतें. १९९२ पासून निघालेला पोलादी रुपया चिकटतो. पांच रुपयांचें पिवळें नाणें चिकटत नाहीं, कारण त्यांत तांबें व जस्त मुख्य. जुना चांदीचा रुपया, शिवराई, ढब्बू पैसा ह्यांस चुंबकाचें सोयरसुतक नाहीं. गंमत अशी कीं सहाव्या जॉर्ज बादशहाचा १९४७ सालचा रुपया मात्र चुंबकास झोंबतो. कारण महायुद्धानंतर चांदी सोडून तो निकलचा पाडण्यांत आला होता. ज्याच्या घरीं आजोबांच्या पेटींत असा रुपया असेल त्यानें अवश्य करून पाहावें.

यंत्राची गोष्ट निराळी. त्यांतील तारेच्या वेटोळ्यांतून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह जमिनीकडे चुंबकीय क्षेत्र सोडतो; त्या क्षेत्रांत धातु आला कीं त्याच्या अंगांत लहान भोंवऱ्यांसारखे प्रवाह उठतात, त्यांचें क्षेत्र परत वेटोळ्यापर्यंत पोंचतें, आणि यंत्र शिट्टी देतें. म्हणून सोनें, रुपें, तांबें, लोखंड ह्या सर्वांचा त्यास सुगावा लागतो; लागत नाहीं तो मोत्यांचा आणि पोंवळ्यांचा. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल ह्यांनीं १८८१ सालीं, अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड ह्यांच्या देहांत रुतलेली बंदुकीची गोळी हुडकण्यासाठीं ह्याच तत्त्वावरचें उपकरण नेलें होतें. गोळी सांपडली नाहीं. अध्यक्षांच्या गादींतील पोलादी स्प्रिंगा मध्येंच बोलत होत्या, असें एक कारण पुढें सांगण्यांत आलें. आपल्या नद्यांच्या तळाशीं खिळे, तारा व बाटल्यांचीं बुचें ह्यांची जी गर्दी आहे ती पाहतां, येथील शोधकाची स्थितिहि त्याहून फारशी निराळी होणार नाहीं! समुद्राचें खारें पाणी स्वतःच वीज वाहून नेतें, म्हणून तेथें साधें यंत्र विनाकारण ओरडतें. गोडें पाणी त्यास फारसा त्रास देत नाहीं. तळीं व धरणांचे कांठ ह्या छंदास सोयीचे ठरले ते ह्यामुळें.

तरीहि वस्तु कोणत्या जागीं बसली असेल हें यंत्र सांगत नाहीं, आणि तेथें जुनें शहाणपण कामास येतें. सोनारांच्या पेढ्यांवरील धूळ व गटारांतील गाळ धुऊन त्यांतून सोन्याचे कण वेगळे करणारे झारेकरी तें पिढ्यान्‌पिढ्या जाणत आले आहेत. सोनें पाण्याच्या एकोणीसपट जड, चांदी साडेदहापट, लोखंड जवळजवळ आठपट, तर साधा दगड अडीच-पावणेतीनपट. प्रवाहाचा वेग जेथें मंदावतो, म्हणजे वळणाच्या आंतल्या अंगास किंवा मोठ्या खडकाच्या आडोशास, तेथें जड वस्तु आधीं बसते. २००५ च्या व २०१९ च्या जुलै महिन्यांत उल्हास नदीनें काय केलें तें येथील लोकांस सांगावयास नको. २०१९ सालीं तर बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यानें वेढली जाऊन सुमारें हजार उतारू अडकून पडले होते. असा पूर येऊन गेला कीं घाटावर पडलेली अंगठी घाटाखालींच राहील हा भरंवसा संपतो. थंड पाण्यांत बोटें आखडून अंगठी सैल होते, म्हणून ती पाण्यांतच अधिक हरवते, हेंहि जातां जातां सांगून ठेवतों.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ह्या बाबतींत कायदा आमच्या वर्गाहून शहाणा आहे. भूमिगत निधीसंबंधीं १८७८ सालीं झालेला कायदा सांगतो कीं, जमिनींत दडलेली दहा रुपयांहून अधिक किंमतीची वस्तु ज्यास सांपडेल त्यानें ती जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविली पाहिजे. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून हक्कदारांस बोलावतात. कोणीच हक्क शाबीत केला नाहीं तरच ती वस्तु बेवारशी ठरते, आणि मग, निराळा करार नसल्यास, तीन चतुर्थांश शोधणाऱ्यास व एक चतुर्थांश जागेच्या मालकास मिळतो. जो लपवून ठेवील त्याचा हिस्सा जातो आणि वर शिक्षा होते. तेव्हांचे दहा रुपये म्हणजे दहा तोळे वजनाचीं चांदीचीं नाणीं. आज तेवढ्यांत वडापाव मिळणेंहि कठीण. पण ध्यानांत घेण्यासारखें हें आहे कीं कायद्यानें पहिली हांक मालकास मारली आहे, शोधकास नव्हे.

मालक दीड-दोन हजार वर्षांपूर्वीं मेला असला म्हणजे तरी वस्तु सर्वस्वी शोधकाची होते काय? नाशिक जिल्ह्यांत गोदावरी व दारणा ह्यांच्या संगमाजवळ जोगलटेंभी नांवाचें गांव आहे. तेथें १९०६ सालीं चांदीच्या नाण्यांचा एक सांठा सांपडला. नाणीं तेरा हजारांहून अधिक. रेव्हरंड स्कॉट ह्यांनीं तीं अभ्यासून आपला निष्कर्ष १९०८ सालीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. नाणीं क्षहरात राजा नहपान ह्याचीं. पण त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां मारलेला! शत्रूचीं नाणीं वितळविण्याचीहि वाट न पाहतां त्यांवर आपली मुद्रा ठोकणारा जेता त्या ढिगांतून उभा राहिला, आणि सातकर्णीनें नहपानाची सत्ता मोडली ह्या गोष्टीस भक्कम पुरावा मिळाला. आतां अशी कल्पना करा कीं हींच नाणीं एकेक करून निरनिराळ्या हातांनीं उचललीं, आणि बाजारांत विकून टाकलीं. प्रत्येक नाणें तेंच राहिलें असतें, चांदीहि तेवढीच. पण दर दहा नाण्यांपैकीं सुमारें सातांवर दुसरा छाप आहे, हें मोजावयास कोणास सांपडलें नसतें.

ह्याउलट दायमाबादची गोष्ट पाहा. अहिल्यानगर जिल्ह्यांत, प्रवरेच्या कांठीं, १९७४ सालीं एका शेतकऱ्यास झाडाचें मूळ खणतांना ब्राँझच्या चार मूर्ति सांपडल्या. त्यांतील बैलांचा रथ हांकणारा पुरुष पाहून आजहि मन थक्क होतें. पण त्या जमिनीच्या कोणत्या थरांत होत्या ह्याची नोंद मूळ खणणारा कशी ठेवणार? त्यामुळें त्या नेमक्या किती जुन्या, ह्याविषयीं विद्वानांत वाद झाला. त्यांत त्या शेतकऱ्याचा दोष नाहीं. तो इतिहास खणावयास गेला नव्हता. यंत्र घेऊन निघणारा मनुष्य मात्र मुद्दाम निघतो.

आपल्या अंबरनाथचें शिवमंदिर वालधुनीच्या कांठीं उभें आहे. त्यावरील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलाहार राजांच्या काळचा. साडेनऊशें वर्षांहून अधिक काळ त्या कांठीं लोक येत आहेत. तेथील गाळांत कांहींच पडलें नसेल असें कोण म्हणेल? आणि म्हणूनच तेथें यंत्र फिरवूं नये. तें राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे. तेथें परवानगीवांचून खणणें हा गुन्हा आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीनें अशा स्मारकाभोंवतालचा शंभर मीटरांचा पट्टाहि प्रतिबंधित ठरला आहे. शिवाय वालधुनी आज पाय घालण्यासारखी नदी राहिलेली नाहीं. २०१४ सालीं तिच्यांत सोडलेल्या रासायनिक द्रव्यांच्या वायूनें उल्हासनगरांतील शेंकडों लोकांस बाधा झाली होती. नाण्याच्या लोभानें मूल त्या पाण्यांत उतरूं पाहील, तर आईबापांनीं त्याचा कान धरून त्यास परत आणावें. गुप्तधनाच्या नादीं लागून अघोरी प्रकार करणाऱ्यांसाठीं तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच; त्यांच्याविषयीं येथें शाई खर्चण्याचें कारण नाहीं.

बारवीचें तसें नाहीं. उन्हाळ्यांत तेथील पाणी मागें सरलें कीं विस्तीर्ण उथळ कांठ उघडा पडतो. यंत्रवाल्यास ह्याहून चांगली जागा कोणती? पण त्या धरणाची उंची टप्प्याटप्प्यानें वाढविली गेली, तशीं तेथील वस्त्यांचीं घरें व शेतें पाण्याखालीं गेलीं, आणि तीं सोडून गेलेलीं माणसें आहेत. गाळांतून निघालेली पितळी घागर यंत्राच्या लेखीं केवळ एक शिट्टी. पण ती कोणाच्या घरची हें सांगणारी आजी कदाचित् दोन कोसांवर बसलेली असेल.

उल्हासनगरच्या पालकांस हें समजावून सांगण्याची मला गरज वाटत नाहीं. फाळणीनंतर सिंधमधून जीं कुटुंबें कल्याणच्या लष्करी छावणींत येऊन उतरलीं, आणि ज्यांच्या वसाहतीस १९४९ सालीं उल्हासनगर हें नांव मिळालें, त्यांचीं घरेंदारें मागें राहिलीं होतीं. त्या धामधुमींत, सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस, लवकरच परत येऊं ह्या आशेनें दागिने घराच्या भुईंत पुरून निघालेलीं कुटुंबें थोडीं नव्हतीं. आज तेथें कोणी यंत्र फिरवून ते वर काढले, आणि मालक नाहीं म्हणून खिशांत घातले, तर येथील नातवंडांस काय वाटेल? मालक नसणें निराळें आणि मालक समोर नसणें निराळें.

तर मग यंत्र फेंकून द्यावें काय? मुळींच नाहीं. कोणाची अंगठी, साखळी वा किल्ल्यांचा जुडगा पाण्यांत पडला, आणि त्यानें बोलावलें, तर शाळेंतील चार मोठ्या मुलांनीं एखाद्या शिक्षकासह जावें, कमरेच्या वर पाणी असेल तेथें पाऊल टाकूं नये, आणि वस्तु सांपडली तर मालकाच्या हातीं द्यावी. गणपतीविसर्जनानंतर घाटाच्या तळाशीं मखरांचे खिळे व तारा राहतात, त्या काढण्यास तर जड लोहचुंबकहि पुरेल, आणि पुढच्या वर्षीं कोणाच्या पायांत खिळा जाणार नाहीं. कांहीं जुनें दिसलें तर तें न हलवितां जागेची खूण करून शिक्षकांस व त्यांच्यामार्फत जिल्हाधिकाऱ्यांस कळवावें. ह्या सर्वांची एक वही असावी: तारीख, जागा, पाण्याची खोली, वस्तूचें वर्णन. पहिला रकाना मालकाच्या नांवाचा ठेवावा. आणि जी सापडलेली वस्तु कोणाची तें कळत नाहीं ती, तो रकाना रिकामा असेपर्यंत, मुलाच्या खिशांत न राहतां पोलीसठाण्यांत जमा व्हावी, व तिची पावती ह्याच वहींत डकवावी.