भाडेकरू कोणाच्या खिजगणतीत?

मुंबईत ‘घर’ या शब्दाचा अर्थ ‘मालकीचे घर’ एवढाच उरला आहे. निवडणुकीच्या जाहीरनाम्यांत, अर्थसंकल्पी भाषणांत, म्हाडाच्या सोडतीच्या बातम्यांत आणि पुनर्विकासाच्या फलकांवर ज्या घराचे गुणगान चालते, ते विकत घ्यावयाचे किंवा फुकट मिळावयाचे घर असते. महिन्याच्या महिन्याला भाडे भरून माणसाने ज्यात निर्धास्तपणे राहावे, असे घर कोणत्याही पक्षाच्या कार्यक्रमपत्रिकेवर नाही. डाव्या पक्षांच्याही नाही, हे आरंभीच मान्य केलेले बरे.

आणि तरीही या महानगराचा गाडा हाकणारा फार मोठा वर्ग परक्या छपराखाली राहतो. रुग्णालयातील परिचारिका, खासगी शाळेतील शिक्षिका, पहारेकरी, रिक्षाचालक, मालवाहू दुचाकीवरून दारोदार पुडकी पोचवणारा तरुण, ही सारी मंडळी उपनगर जिल्ह्यात दर अकरा महिन्यांनी आपला संसार टेम्पोत भरतात. अंधेरी ते बोरिवली या पट्ट्यात एका शयनगृहाची सदनिका महिना पंचवीस हजारांच्या खाली मिळणे कठीण. आणि ज्यांची नावे वर घेतली त्यांच्यापैकी अनेकांचा अख्खा पगारही तेवढा भरत नाही. मग एका खोलीत सहा-सहा तरुण, झोपडपट्टीतील पोटमाळा, किंवा विरार-बदलापूरच्याही पलीकडून रोजचा चार तासांचा लोकल प्रवास, असे पर्याय उरतात. भाडे परवडत नाही म्हणून जो माणूस आयुष्याचे चार तास दररोज रेल्वेला देतो, त्याने ते भाडे वेगळ्या नाण्यात भरलेलेच असते.

ज्या कराराने हा माणूस घरात शिरतो त्याचे नावच बोलके आहे. ‘लिव्ह अँड लायसन्स’, म्हणजे मालकाची अनुमती आणि परवाना. कायदा त्याला भाडेकरू म्हणण्यासही तयार नाही. तो केवळ परवानाधारक आहे. मुदत संपली की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ खाली मालकाला जागा परत मिळते, आणि मुदतीनंतर राहिल्यास दुप्पट रक्कम भरावी लागते. नव्या करारात किती वाढ मागावी यावर कसलेही बंधन नाही. प्रत्येक नव्या घराला दलाली आहे. अनामत रक्कम आहे, आणि तिची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. मुद्रांक शुल्क आकारताना शासन या अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरते व ते भाड्यात मिळवून शुल्क वसूल करते. म्हणजे अनामत हा भाड्याचाच झाकलेला भाग आहे, हे शासनाला पुरते ठाऊक आहे. परंतु हे ज्ञान त्याला स्वतःच्या महसुलापुरतेच होते. याखेरीज आडनाव विचारून, धर्म विचारून, स्वयंपाकघरात काय शिजते ते विचारून आणि एकट्या स्त्रीला तिच्याकडे कोण येते-जाते ते विचारून घर नाकारण्याची जी राजरोस प्रथा या ‘आंतरराष्ट्रीय’ शहरात चालते, तिच्याबद्दल गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना कोणी जाब विचारलेला नाही.

हे शहर नेहमीच असे नव्हते. मुंबई वाढली ती भाड्याच्या घरांत. गिरणगावातील चाळी, खाणावळी, पाळीपाळीने झोपावयाचे गाळे, यांतून कामगारवर्ग उभा राहिला. त्या राहणीचे गोडवे गाण्याचे कारण नाही, पण गावाहून आलेल्या माणसाला शहरात पाय टेकण्यासाठी प्रथम जमीन विकत घ्यावी लागत नव्हती. इतकेच नव्हे, तर परकीय सरकारलाही सार्वजनिक पैशाने भाड्याची घरे बांधावी लागली. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे २०७ चाळी उभ्या केल्या, आणि त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला. संकल्प पन्नास हजार खोल्यांचा होता, झाल्या सोळा हजारांच्या आसपास. खोल्या १६० चौरस फुटांच्या, काँक्रीटच्या, कोंदट. तरीही ज्या कापसावर मुंबईचे धनिक पोसले, त्याच कापसावर कर लावून कामगाराची खोली बांधावी, हे तत्त्व त्या सरकारने व्यवहारात आणले होते. स्वतंत्र महाराष्ट्राच्या शासनाला आजच्या मुंबईतील कोणत्याही संपत्तीवर असा कर लावण्याचे धैर्य झालेले नाही.

याच दशकात युरोपात व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने १९२३ मध्ये गृहनिर्माण कर बसवला. तो चढत्या दराचा होता. आलिशान घरांवर सर्वांत जड. त्यातून मजुरांसाठी भाड्याच्या वसाहती उभ्या राहिल्या. १९३० मध्ये खुल्या झालेल्या कार्ल मार्क्स होफमध्ये तेराशेंहून अधिक घरे होती, आणि त्यांच्याबरोबर धुलाईघरे, बालवाड्या, वाचनालय. फॅसिस्टांनी १९३४ मध्ये त्या वास्तूवर तोफा डागल्या. ती आजही उभी आहे. व्हिएन्नाच्या नगरपालिकेकडे आज सुमारे दोन लाख वीस हजार घरे आहेत, आणि ती विकली गेलेली नाहीत. मुंबईच्या चाळी मात्र पुनर्विकासात मालकीच्या सदनिका होत आहेत. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबांचा मोठ्या घरावरील हक्क निर्विवाद आहे. प्रश्न एवढाच की शहराकडे असलेला भाड्याच्या घरांचा साठा संपतो आहे आणि त्याच्या जागी एकही नवी खोली येत नाही.

येथे एक जुना आक्षेप हटकून पुढे केला जातो: भाडे नियंत्रण कायद्यानेच भाड्याच्या घरांचा गळा घोटला. या आक्षेपात तथ्याचा अंश आहे, आणि तो नाकारून चळवळीला काही मिळणार नाही. १९४७ च्या कायद्याने जुन्या जागांचे भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले. युद्धकाळात ते योग्य होते; अर्धशतकभर तसेच ठेवणे योग्य नव्हते. भाडे गोठले, दुरुस्ती थांबली, पागडीचा काळा व्यवहार फोफावला. मरीन ड्राइव्हवरील धनाढ्य भाडेकरूलाही गिरगावातील कारकुनाचेच संरक्षण मिळाले, आणि समाजवाद्यांनी या दोघांत भेद केला नाही. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मलपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात या गोठवलेल्या भाड्याला अवाजवी ठरवले, ते काही केवळ मालकधार्जिणेपणामुळे नव्हे. स्वतः घरे बांधण्याची जबाबदारी शासनाने टाळली, ती खासगी घरमालकाच्या गळ्यात बांधली आणि तो ती निभावणार नाही हे दिसत असूनही डोळे मिटून घेतले. कायद्याचे खरे अपयश हे आहे. दक्षिण मुंबईतील जुन्या इमारती आजही पावसाळ्यात कोसळतात. भेंडीबाजारात २०१७ मध्ये एका इमारतीखाली तीसहून अधिक माणसे गाडली गेली.

परंतु आक्षेपाचे उर्वरित अंग पाहावे. नियंत्रण उठले की भाड्याची घरे मुबलक होतील आणि दर उतरतील, असे अर्थशास्त्राचे पंडित सांगत आले. परवानापद्धतीच्या घरांना १९९९ च्या कायद्याने हे स्वातंत्र्य पूर्णपणे दिले. कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. भाडे मालकाच्या मर्जीचे, मुदत मालकाच्या मर्जीची, जागा परत मिळण्याची हमी कायद्याची. या प्रयोगाला पाव शतक लोटले. निष्पन्न काय? २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आढळली. केंद्र सरकारच्याच २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने हा आकडा देशातील शहरांत सर्वाधिक असल्याचे नोंदवले आहे. त्याच जनगणनेत याच शहरातील शंभरांतील सुमारे ४१ माणसे झोपडपट्टीत राहत होती. ज्याला जागा परत मिळण्याची पूर्ण खात्री आहे, तो मालक कोणत्या भाडे नियंत्रणाच्या भयाने दाराला कुलूप लावून बसला आहे? तो भाड्यासाठी घर घेतच नाही. त्याने घर सोन्यासारखे घेतले आहे, भाव चढण्याची वाट पाहत. वर्षाकाठी घराच्या किमतीच्या दोन-तीन टक्केच भाडे हाती येते. ते भाड्यासाठी कष्ट घेण्याच्या योग्यतेचे त्याला वाटत नाही.

त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. १९६१ मध्ये देशातील नागरी कुटुंबांपैकी ५४ टक्के भाड्याच्या घरांत राहत. २०११ मध्ये हे प्रमाण २८ टक्क्यांवर आले. याचा अर्थ नगरवासी श्रीमंत होऊन मालक झाला, असा लावणारे लोक आहेत. पण पायाखालची जमीन ज्याची नाही त्या झोपडीवासीयाचीही जनगणनेत ‘स्वतःचे घर’ म्हणूनच नोंद होते. भाड्याची खोली मिळेनाशी झाली म्हणून ज्याने नाल्याकाठी पत्रे उभे केले, त्याला आकडेवारीने मालक करून टाकले आहे.

जमिनीच्या प्रश्नावर तर प्रतिगामी पाऊल उघडउघड पडले. १९७६ च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्याने मुंबईत ५०० चौरस मीटरहून अधिक मोकळी जमीन ठेवण्यास मनाई केली होती. कलम २० च्या सवलतींनी त्याची चाळण झाली, भूखंडांचे श्रीखंड कोणी खाल्ले हे महाराष्ट्राला माहीत आहे. तरीही कायदा होता म्हणून गोरेगावात दिंडोशीला मृणाल गोरे व बाबूराव सामंत यांच्या नागरी निवारा परिषदेला अतिरिक्त जमिनीसाठी लढता आले आणि सामान्यांसाठी सुमारे सहा हजार घरे उभी करता आली. २००७ च्या नोव्हेंबरात राज्याने तो कायदाच रद्द केला. कारण काय, तर केंद्राच्या नागरी नूतनीकरण योजनेचा निधी मिळण्यासाठी ती अट होती. योजनेला नाव जवाहरलाल नेहरूंचे होते.

दिंडोशीच्या लढ्याचा उल्लेख अभिमानाने करतानाच एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. ती घरेही मालकीचीच होती. मालकीच्या घराचे मोल शेवटी बाजार ठरवतो, आणि आज शहरात नव्याने येणाऱ्या कामगाराला दिंडोशीतही घर परवडत नाही. एका पिढीला न्याय मिळाला. पुढच्या पिढीसाठी तेथे काही शिल्लक राहिले नाही. गिरणी कामगारांच्या घरांच्या लढ्यातही हेच झाले. राज्याने २००८ मध्ये महानगर प्रदेश विकास प्राधिकरणामार्फत भाड्याच्या घरांची योजना आणली होती. बिल्डरांना वाढीव बांधकामाची मुभा देऊन १६० चौरस फुटांच्या खोल्या मिळवावयाच्या, अशी ती मुळातच बिल्डरांच्या सोयीची. काही वर्षांतच ती गुंडाळली गेली. पनवेलजवळ कोन येथील तिच्यातील खोल्या दोन-दोन जोडून २०१६ मध्ये गिरणी कामगारांना सोडतीने विकण्यास काढल्या. आधीच फसवल्या गेलेल्या कामगाराला घर मिळाले याचे दुःख कोणी करू नये. परंतु भाड्याच्या घरांचा एकमेव सरकारी साठाही विक्रीला निघाला, तेव्हा एकाही डाव्या पक्षाने त्याविरुद्ध ब्र काढला नाही.

आता ‘भाड्याचे घर’ हा शब्द शासनाच्या तोंडी पुन्हा आला आहे, आणि तो ऐकून सावध व्हावे. धारावीच्या पुनर्विकासात जे २०११ सालच्या आधीचे वास्तव्य सिद्ध करू शकत नाहीत, जे माळ्यावर राहतात, त्यांच्यासाठी धारावीबाहेर भाडे-खरेदीची घरे ठरली आहेत. त्यासाठी कांजूर, भांडुप, मुलुंडच्या सुमारे २५६ एकर मिठागरांच्या जमिनीचा निर्णय २०२४ मध्ये झाला. शहराच्या मध्यातून श्रमिकाला उचलून खाडीकाठी नेऊन टाकण्यास भाड्याची घरे म्हणावयाचे असेल, तर हद्दपारी कशाला म्हणावयाचे? झोपडपट्टी पुनर्वसनाच्या संपूर्ण रचनेतच भाडोत्री हा अडथळा आहे. सर्वेक्षणाची चाहूल लागली की झोपडीमालक त्याला बाहेर काढतो, कारण तो तेथे राहत असल्याचा कागद होणे मालकाला परवडणारे नसते.

मागणी काय असावी? सार्वजनिक जमिनीवर, सार्वजनिक पैशाने, कधीही न विकली जाणारी भाड्याची घरे, आणि भाडे कुटुंबाच्या उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्यापलीकडे नाही. जमीन नाही हे कारण सांगणाऱ्यांनी मुंबई बंदराच्या सुमारे १,८०० एकरांकडे पाहावे. गिरण्यांच्या सहाशे एकरांचे काय झाले ते सर्वांनी पाहिलेच आहे. पैसा रिकाम्या घरांकडून यावा. कॅनडातील व्हँकूवर नगरपालिका २०१७ पासून रिकाम्या घरांवर कर घेते, तेथे भांडवलशाही बुडालेली नाही. खासगी घरांच्या बाबतीत १९९९ च्या कायद्याने जुन्या भाडेकरूंसाठी वर्षाला ४ टक्के वाढ मान्य केलीच आहे; तीच मर्यादा परवानापद्धतीला लावावी, कराराची मुदत किमान तीन वर्षांची करावी, आणि केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यातील दोन महिन्यांच्या अनामतीची मर्यादा महाराष्ट्राने उचलावी. निवृत्तिवेतनाला जोड म्हणून एखादी सदनिका भाड्याने देणारा वृद्ध यात भरडला जाईल, असे म्हटले जाते. भाडे थकवणाऱ्याला काढण्याचा त्याचा अधिकार कायम राहावा, यास कोणाची हरकत नाही. कुलूपबंद सदनिकांच्या मालकांनी मात्र त्या वृद्धाच्या काठीआड लपू नये.

पक्षाच्या कार्यकर्त्यांना यासाठी विधानसभेत बहुमत येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. कलम ५५ नुसार प्रत्येक परवाना करार नोंदवणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि यांतील कितीतरी करार आता संगणकावरच नोंदले जातात. कोणत्या प्रभागात किती भाडे, किती अनामत, किती महिन्यांची मुदत, हे सर्व नोंदणी व मुद्रांक विभागाच्या दप्तरात आहे. कोणाचे नाव न घेता ती प्रभागवार आकडेवारी दर सहा महिन्यांनी जाहीर करावी, अशी मागणी प्रत्येक तालुका समितीला आजच करता येईल. चाळीतील भाडेकरू संघांच्या धर्तीवर परवानाधारकांचे संघ बांधणे अवघड आहे, कारण अकरा महिन्यांत सभासदच पत्ता बदलतो. म्हणून ते इमारतीवार न बांधता रेल्वे स्थानकवार बांधावे लागतील. मालाड, कुर्ला आणि मानखुर्द येथून आरंभ करता येण्यासारखा आहे.