ज्या फाइलला कोणी वाली नाही



मार्च-एप्रिल आला की आमच्या शाळेत एक एक्सेल फाइल बाहेर निघते. निकालपत्रकाची. आकारिक आणि संकलित मूल्यमापनाचे गुण भरले की श्रेणी आपोआप येते. ही फाइल कोणी बनवली, आम्हाला ठाऊक नाही. कोण्या तंत्रस्नेही गुरुजींनी बनवली असेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत ती आमच्यापर्यंत आली. गेल्या वर्षी माझ्या वर्गाचा पट ४८ वर गेला आणि ४० ओळींच्या पुढे सूत्रच चालेना. दुरुस्त करायला गेलो तर शीटला पासवर्ड! गुरुजींचा पत्ता नाही, फोन नंबर नाही. शेवटी तीन रात्री जागून सगळी पत्रकं हातानं केली.

गुरुजींनी आमच्यावर उपकारच केले होते, यात शंका नाही. पण जाताना ते किल्ली सोबत घेऊन गेले.

ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये अशी किल्ली कोणी नेऊ शकत नाही. तिथे कोड सगळ्यांना वाचता येतो, बदलता येतो, पुढे वाटता येतो. परवान्यात तसं लिहूनच दिलेलं असतं. म्हणजे मूळ लेखक निघून गेला तरी काम थांबायला नको. तरीही ते थांबतं. कारण परवानगी असणं वेगळं आणि कोणीतरी पुढे येऊन "आता हे मी बघतो" असं म्हणणं वेगळं. गावची विहीर सगळ्यांची असते, पण गाळ काढायला कोण उतरतं?

म्हणूनच मला वाटतं, नवीन सॉफ्टवेअर बनवणाऱ्याइतकाच मान टाकून दिलेलं सॉफ्टवेअर उचलणाऱ्यालाही मिळाला पाहिजे. नवं बनवताना सगळं आपल्या मनासारखं असतं. जुनी फाइल उचलायची म्हणजे आधी दुसऱ्याचं अक्षर लावायचं. ही ओळ अशी का लिहिली, ही काढली तर काय मोडेल, हे शोधत बसायचं. नीट चाललं तर कोणी विचारत नाही, बिघडलं की सगळे विचारतात.

या जगातली मोठी मंडळी हे काम कसं करतात, ते शिकण्यासारखं आहे. लिनक्सच्या मूळ गाभ्यात 'मेंटेनर्स' नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. कोणता भाग कोण सांभाळतं आणि त्याची सध्या काय स्थिती आहे, हे तिच्यात लिहिलेलं असतं. ज्या भागाला कोणी नाही, त्याच्यापुढे सरळ 'ऑर्फन', म्हणजे अनाथ, असं लिहितात. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. डेबियन या लिनक्स प्रणालीतही अनाथ पॅकेजांची यादी उघडी ठेवलेली असते. ज्याला एखादं दत्तक घ्यायचं असेल, त्यानं आपला इरादा आधी जाहीर करायचा. एखादं पॅकेज अनाथ म्हणून नोंदलेलं नाही, पण त्याच्याकडे बरेच दिवस कोणी पाहिलेलं नाही, तर कळवून २१ दिवस थांबायचं. मूळ सांभाळणाऱ्याला "मी आहे" असं म्हणायची संधी द्यायची. दुसऱ्याच्या घरात शिरताना आपण दार वाजवतो, तसंच हे.

चांगल्या हस्तांतराचं एक उदाहरण तर आपल्या खिशातच आहे. मोबाइलमध्ये घड्याळ जुळवताना 'कोलकाता' असं दिसतं ना? जगभरच्या प्रमाणवेळांच्या नोंदी काही साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवलेल्या असतात. भारताची साडेपाच तासांची नोंद 'एशिया' नावाच्या फाइलीत आहे. हे काम ऑर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात सुरू केलं आणि अनेक वर्षं सांभाळलं. त्यांच्यानंतर काय, याची चर्चा वेळेवर झाली. २०११ मध्ये या फाइलींची व्यवस्था 'आयाना' या संस्थेकडे गेली आणि समन्वयाचं काम पॉल एगर्ट पाहू लागले. ते त्या कामात आधीपासूनच होते. आपल्या घड्याळाला या बदलाचा पत्ताही लागला नाही.

आता दुसरी बाजू. कोणीतरी म्हणेल, "सर, अनोळखी माणसाच्या हाती फाइल दिली आणि त्यानं घात केला तर?" प्रश्न बरोबर आहे, आणि असं घडलंही आहे. 'एक्सझेड' हे फाइल दाबून लहान करणारं साधन बहुतेक लिनक्स संगणकांत असतं. फिनलंडचे लासे कोलिन ते वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्यानं, विनामोबदला सांभाळत होते. २०२२ मध्ये काम साचलं, तगादे सुरू झाले. आपलं मानसिक स्वास्थ्य ठीक नाही, हे त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. त्याच काळात 'जिया टॅन' या नावानं कोणीतरी मदत करत होतं. हळूहळू त्याच्याकडे अधिकार गेले. फेब्रुवारी २०२४ मधल्या ५.६.० या आवृत्तीत त्यानं चोरदरवाजा घातला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्यानं माग काढला आणि २९ मार्चला ते जाहीर केलं, म्हणून मोठा अनर्थ टळला.

यावरून काही जण म्हणतात, नवख्यांना जवळ करूच नका. मला हे पटत नाही. घात करणाऱ्याला वाट मिळाली ती थकलेल्या, एकट्या पडलेल्या माणसामुळे. जगातले लाखो संगणक ज्याच्यावर चालतात, ते काम एका माणसाच्या खांद्यावर टाकून बाकीचे फक्त "नवी आवृत्ती कधी?" एवढंच विचारत राहिले. दोघं-तिघं आधीपासून सोबत असते, एकमेकांचं काम वाचत असते, तर घाईनं विश्वास टाकायची वेळ आली नसती. चोरदरवाजा सापडला तोही कोड उघडा होता आणि एकानं शंका आल्यावर पाठपुरावा केला, म्हणूनच.

म्हणून, विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुम्हाला एखादी बेवारस फाइल उचलावीशी वाटली तर आधी मूळ लेखकाला विचारा आणि वाट पाहा. मग सगळी फाइल वाचा. पहिल्याच दिवशी सगळं नव्यानं लिहायला घेऊ नका. एखादी छोटी दुरुस्ती करा, आणि ती का केली ते लिहून ठेवा. मूळ लेखकाचं नाव पुसू नका. आणि पहिल्या दिवसापासून एक जोडीदार शोधा.

आपल्या शाळांत बदली झाली की चार्ज द्यावा लागतो. डेडस्टॉक रजिस्टर उघडून बाकं, कपाटं, नकाशे मोजून सह्या होतात. पण संगणकातल्या फाइलींचा चार्ज कोणी देत नाही, कोणी मागतही नाही. या उन्हाळ्यात मी निकालपत्रकाची फाइल लिब्रेऑफिसमध्ये नव्यानं केली. पासवर्ड ठेवला नाही. पहिल्याच पानावर कोणतं सूत्र काय करतं आणि पट वाढला तर कुठे बदल करायचा, ते लिहिलं. "सध्या कोण बघतं" या रकान्यात माझ्या नावाखाली एक ओळ रिकामी आहे. आमच्या शाळेतल्या एका मॅडमना म्हटलं, "यंदा तुम्ही माझ्याबरोबर बसा." त्या हो म्हणाल्या आहेत.