भरलेले पिस्तूल खाली ठेवताना

मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असा संपादक मित्रांचा आग्रह दरवर्षी असतो आणि मीही दरवर्षी लसीकरण, बालदमा किंवा मुलांचा आहार यांपैकी एखादा विषय घेऊन ती आज्ञा पाळत आलो आहे. यंदाचा विषय पाहून वाचक मात्र चकित होतील. एका बालरोगतज्ज्ञाने पिस्तुलाविषयी लिहावे, हे काही वरकरणी शोभणारे नाही. परंतु गेल्या हिवाळ्यात अमेरिकेत जे पाहिले त्याने माझ्या व्यवसायातील एका जुन्या गोष्टीची आठवण अशी काही जागी केली की, ती लिहिल्यावाचून राहवेना.

कन्या व जावई अ‍ॅरिझोना राज्यात फिनिक्स शहरी असतात. जावयांचे एक अमेरिकन सहकारी हौशी नेमबाज. एका रविवारी त्यांनी आम्हांला शहराबाहेरच्या एका रेंजवर स्पर्धा पाहावयास नेले. आपण इंदूरकरांना नेमबाजी अगदीच अपरिचित नाही. शेजारच्या महू येथील आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये घडलेल्या विजयकुमार यांनी २०१२ साली लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे यांनी कांस्यपदक पटकावले, तेव्हा आपल्या घराघरांत पेढे वाटले गेले. परंतु ऑलिंपिकमधील नेमबाज एका जागी राहून नेम धरतो. मी पाहिलेला प्रकार निराळा होता. त्याला ‘मल्टीगन’ म्हणतात. पिस्तूल, रायफल आणि शॉटगन ही तिन्ही शस्त्रे एकाच स्पर्धेत, पुष्कळदा एकाच फेरीत, वापरायची, धावत धावत एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर जायचे, लक्ष्ये टिपायची, आणि हे सारे घड्याळाशी झुंजत. धावत्या, व्यावहारिक नेमबाजीची ही परंपरा अमेरिकेत वाढली. तिच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची स्थापना १९७६ साली मिसुरी राज्यातील कोलंबिया येथे झाली आणि जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष होते. अचूकता, सामर्थ्य आणि वेग ही तिची त्रिसूत्री.

मला वाटले होते की, या खेळातील धोक्याचा क्षण म्हणजे गोळी झाडण्याचा. आमचे यजमान म्हणाले, ‘‘झाडताना सगळ्यांचे लक्ष असते. तुम्ही पिस्तूल खाली ठेवतानाचा क्षण पाहा.’’

स्पर्धक पिस्तुलाने काही लक्ष्ये टिपतो आणि मग पुढच्या लक्ष्यांसाठी त्याला रायफल उचलायची असते. पिस्तूल कमरेच्या म्यानात परत खोचण्यात वेळ जातो आणि धोकाही असतो. म्हणून वाटेत एक पिंप किंवा पेटी ठेवलेली असते. पिस्तूल तिच्यात ठेवून तो पुढे धावतो. ऐकायला हे सोपे आहे. पण पिस्तूल आखूड असते. मनगट जरासे वळले तरी नळीचे तोंड भलत्या दिशेला फिरते. पेटीतल्या एखाद्या वस्तूत त्याचा ट्रिगर अडकू शकतो. शिवाय, स्पर्धक ज्या दिशेला गोळ्या झाडतो त्याच दिशेला त्याला पुढे धावायचे असते. म्हणजे मागे ठेवलेल्या पिस्तुलाचे तोंड चुकीच्या कोनात राहिले, तर ते त्याच्या स्वतःच्या आणि त्याच्यामागून चालणाऱ्या पंचाच्या पाठीवर रोखले जाते. म्हणून ते पिंप किंवा ती पेटी अशी बसवलेली असते की, पिस्तुलाचे तोंड तिच्या तळाकडे किंवा सुरक्षित दिशेला राहावे.

यासाठीचे नियम थोडक्यात असे. पिस्तूल ठेवताना ते दोनच अवस्थांत असावे. एक तर सेफ्टीचा खटका पूर्णपणे लागलेला. नाही तर शस्त्र पूर्ण रिकामे, म्हणजे मॅगझिन काढलेले आणि चेंबरमध्ये काडतूस नाही. काही आधुनिक पिस्तुलांना बाहेरून लावण्याचा खटकाच नसतो. त्यांच्याबाबत निरनिराळ्या नियमावल्यांत फरक आहेत. मूळ दंडक मात्र सर्वत्र एकच: ठेवलेले शस्त्र कोणीही स्पर्श न करता निर्धोक असले पाहिजे, आणि ज्याला ते नंतर उचलायचे आहे त्याच्यासाठीही निर्धोक असले पाहिजे. फेरी सुरू होण्यापूर्वी स्पर्धकांना ती जागा रिकाम्या हातांनी चालून पाहण्यास थोडा वेळ मिळतो. मी पाहिले, अनुभवी नेमबाज त्या वेळात केवळ लक्ष्येच न्याहाळत नव्हते. ते त्या पेटीपाशी जात, रिकामा हात खाली नेत, अंगठ्याने हवेतच खटका लावत आणि मग पुढे जात. पुन्हा मागे येत, पुन्हा तेच करत.

दुपारी तो प्रसंग घडला. चाळिशीतला एक स्पर्धक उत्तम वेगात होता. त्याने पिस्तूल पेटीत ठेवले आणि तो रायफलीकडे वळला. तेवढ्यात पेटीवर नजर ठेवून असलेल्या पंचाने मोठ्याने ‘थांबा’ अशी आज्ञा दिली. स्पर्धक जागच्या जागी थांबला. पंचाने पिस्तुलाचे तोंड सुरक्षित दिशेला राखून ते उचलले, मॅगझिन काढले, स्लाइड मागे ओढली. चेंबरमधून एक जिवंत काडतूस बाहेर पडले. खटका लागलेलाच नव्हता. गोळी सुटली नव्हती, कोणाला ओरखडाही उठला नव्हता. तरी तो माणूस त्या दिवसापुरता संपूर्ण स्पर्धेतून बाद झाला. त्याने वाद घातला नाही. पंचाशी हस्तांदोलन केले, शस्त्रे बॅगेत बंद केली, आणि उरलेली दुपार तो इतरांच्या लक्ष्यांवरील छिद्रे कागदी पट्ट्यांनी बुजवीत राहिला.

मी यजमानांना म्हणालो, ‘‘काही झाले तर नव्हते. शिक्षा जरा कठोर नाही का?’’ ते म्हणाले, ‘‘ते पिस्तूल उचलायला हात कोणाचा गेला, हे तुम्ही पाहिलेत ना?’’

त्या वाक्याने मी अस्वस्थ झालो, आणि त्याचे कारण सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

१९९७ सालची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस, अतिसाराची साथ, एका खाटेवर दोन-दोन मुले. मी एका रुग्णालयाच्या बालरोग वॉर्डात रात्रपाळीला होतो. आठ महिन्यांच्या एका बाळाचे पोट फुगले होते, मान लुळी पडली होती. पोटॅशियम कमी झाल्याची सारी लक्षणे. त्याच्या सलाईनच्या बाटलीत घालण्यासाठी मी पोटॅशियम क्लोराइडच्या पंधरा टक्के द्रावणाचे पाच मिलिलिटर सिरिंजमध्ये ओढून घेतले. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरील मुलाला झटके सुरू झाले. मी हातातली सिरिंज किडनी ट्रेमध्ये ठेवली आणि तिकडे धावलो. तिच्यावर चिठ्ठी नव्हती, खूण नव्हती. पाण्यासारखे स्वच्छ द्रावण, कोणत्याही सलाईनच्या सिरिंजसारखेच.

काही मिनिटांनी सिस्टर तिसऱ्याच बाळाची बंद पडू पाहणारी शीर मोकळी करण्यासाठी आल्या. त्यांनी तीच सिरिंज उचलली. केरळहून आलेल्या त्या सिस्टर इंदुरी हिंदीत मला लांबून म्हणाल्या, ‘‘सर, ये सलाईन ही है ना?’’

ते द्रावण पातळ न करता त्यातले दोन मिलिलिटर जरी एकदम त्या बाळाच्या शिरेत गेले असते, तर त्याचे हृदय थांबले असते. माझ्या डॉक्टर वाचकांना याहून अधिक सांगणे नको. इतर वाचकांसाठी इतकेच सांगतो की, तेच औषध बाटलीत मिसळून थेंबाथेंबाने दिले तर प्राण वाचवते. मी धावत येऊन त्यांच्या हातातून सिरिंज घेतली, मोरीत रिकामी केली आणि ‘‘दूसरी भर लीजिए’’ एवढेच म्हणालो. त्यांना काय ते कळले असावे. त्यांनी काही विचारले नाही. मी कोणाला काही सांगितले नाही. सकाळच्या राउंडला तिन्ही मुले सुधारत होती, आणि वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली.

अ‍ॅरिझोनातील तो माणूस बाद झाला. मला शाबासकी मिळाली. वास्तविक दोघांनी केले ते एकच. भरलेली वस्तू, खटका न लावता, दुसऱ्याच्या हातासाठी मागे सोडून आम्ही पुढे धावलो होतो.

माझे म्हणणे असे की, आपल्या व्यवसायात चुकीचे मोजमाप परिणामावरून होते. मूल दगावले तर तो निष्काळजीपणा, वाचले तर ती घटनाच नव्हे. त्या खेळात मोजमाप होते ते वस्तू कोणत्या अवस्थेत ठेवली यावरून. परिणाम हा पुष्कळदा नशिबाचा भाग असतो. वस्तू ठेवण्याची रीत आपल्या हातची असते. जे हातचे आहे त्याचीच तपासणी व्हावी, हे अधिक न्यायाचे आणि अधिक शहाणपणाचेही आहे.

शस्त्रांचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही, हेही स्पष्ट करतो. २०२० साली अमेरिकेत १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींच्या मृत्यूंत बंदुकीमुळे होणारे मृत्यू पहिल्या क्रमांकावर गेले. तेथील बालरोगतज्ज्ञांची संघटना पालकांना सांगत आली आहे की, घरात शस्त्र असेलच तर ते रिकामे व कुलपात असावे आणि काडतुसे वेगळ्या कुलपात. रेंजवरची शिस्त घराच्या उंबऱ्यापाशी संपते, तेव्हा तेच पिस्तूल उशीखाली किंवा कपाटात ‘ठेवलेले’ असते आणि पुढचा हात लहान मुलाचा असतो. म्हणून एका बालरोगतज्ज्ञाने या विषयावर लिहिणे तितकेसे अस्थानी नाही.

आपल्याकडे याबाबत ज्ञान नाही असेही नव्हे. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने १९९८ साली, माझ्या त्या रात्रीनंतर वर्षभरातच, काढलेले पहिले इशारापत्रक पोटॅशियम क्लोराइडच्या तीव्र द्रावणाविषयीच होते. ते वॉर्डात सहज हाताशी असू नये, असा त्याचा आशय. शस्त्रक्रियागृहांत धारदार उपकरणे हातोहात न देता मधल्या ठरलेल्या ट्रेमध्ये ठेवण्याची पद्धत आहे. सुईला पुन्हा टोपण लावू नये, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी सुयांसाठी पांढरा, न भोसकला जाणारा डबा ठरवून दिला. जागतिक रुग्णसुरक्षा दिन २०१९ पासून १७ सप्टेंबरला पाळला जातो. २०२५ साली त्याचा विषय नवजात अर्भके व बालके यांची सुरक्षित शुश्रूषा हाच होता. नियम सारे आहेत. उणीव आहे ती ‘थांबा’ म्हणणाऱ्याची, आणि ते ऐकून खरोखर थांबणाऱ्याची.

येथे एक आक्षेप येईल. ‘‘डॉक्टर, तुमच्या त्या खेळाडूंना रविवारची फुरसत असते. आमच्याकडे ओपीडीत दीडशे मुले असतात.’’ आक्षेप खरा आहे. पण तो खेळच मुळी वेगाचा आहे. तिथे सेकंदाच्या अंशाने क्रमांक जातो. खटका लावण्यास लागणारा वेळ स्पर्धकाच्या एकूण वेळेतच धरला जातो आणि तरीही तो द्यावाच लागतो. चिठ्ठी लावण्यास लागणारी दहा सेकंदेही आपल्या कामातच धरली पाहिजेत.

दुसरा आक्षेप माझा मलाच पडलेला आहे. बाद करण्याची शिक्षा आपण उचलावी का? मला तसे वाटत नाही. तो स्पर्धक पुढच्या महिन्यात पुन्हा मैदानात उतरणार होता. ती शिक्षा निश्चित होती, सर्वांना सारखी होती आणि थोड्या काळाची होती. म्हणूनच तो हस्तांदोलन करू शकला. आपल्याकडील शिक्षा अनिश्चित असते, बहुधा सिस्टरला किंवा कनिष्ठाला होते आणि कधी कधी आयुष्यभर पुरते. अशा शिक्षेच्या भयाने माणसे सिरिंज मोरीत रिकामी करतात आणि गप्प बसतात. मी तेच केले.

म्हणून मंडळाच्या सभासदांपुढे काही साध्या सूचना ठेवतो. भरलेली सिरिंज चिठ्ठीवाचून खाली ठेवायची नाही. ठेवली गेलीच तर ती कोणाचीही असो, न विचारता फेकून द्यायची. औषध भरण्यापूर्वीच ते कोठे ठेवायचे, ती जागा ठरवायची. पोटॅशियमची तीव्र द्रावणे ट्रॉलीवर न ठेवता कुलपात, वेगळ्या रंगाच्या डब्यात ठेवायची. वॉर्डातील कोणासही, आयाबाईंनाही, ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार असावा आणि त्यावर कोणी आवाज चढवू नये. आणि मंडळाने एक वही ठेवावी. थोडक्यात टळलेले प्रसंग तिच्यात रुग्णाचे, डॉक्टरचे किंवा रुग्णालयाचे नाव न घेता लिहिले जावेत आणि दर मासिक सभेत चहापूर्वी त्यांतील एक वाचला जावा.

त्या सिस्टर आता कोठे असतात, मला ठाऊक नाही. त्यांच्या एका प्रश्नाने एक बाळ वाचले आणि माझी पुढची सारी वर्षेही. त्या रात्री त्यांचे आभार मानावयास हवे होते. मी मानले नाहीत.

मंडळाने ती वही सुरू केली, तर तिच्यातील पहिली नोंद १९९७ सालची असेल, आणि मी तिच्याखाली सही करीन.