संकलकाची लेखणी

हँडेलच्या ‘मसाया’ या ऑरेटोरिओचे संगीत सर्वमान्य आहे. त्याच्या संहितेचा कर्ता कोण, हा प्रश्न मात्र आपल्या अभ्यासात क्वचितच उपस्थित होतो. चार्ल्स जेनेन्सने बायबलमधील वचने निवडून ती सिद्ध केली. हँडेलने १७४१ मध्ये सुमारे २४ दिवसांत तिला संगीत दिले आणि १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिन येथे तिचा पहिला प्रयोग झाला. जेनेन्सने स्वतःचे असे जवळजवळ काहीच लिहिले नाही. म्हणून त्याला लेखक मानू नये, हे मत मला ग्राह्य वाटत नाही.

यशयाच्या पन्नासाव्या अध्यायातला सेवक आपला छळ प्रथमपुरुषात सांगतो. विलापगीतात उद्ध्वस्त यरुशलेम नगरी स्वतःच्या दुःखाविषयी बोलते. जेनेन्स दोन्ही ठिकाणी केवळ सर्वनाम बदलतो आणि ‘माझे’ ते ‘त्याचे’ होते. एवढ्याने हिब्रू वचने ख्रिस्तचरित्राचा भाग बनतात, आणि मूळ वक्त्याचा आवाज लुप्त होतो. हे निव्वळ संकलन नव्हे; व्याकरणाच्या आडून केलेले भाष्य आहे.

हँडेलही भाष्यकारच आहे. दऱ्या उंचावल्या जातील या यशयाच्या वचनात ‘उंचावणे’ या क्रियेवर स्वरमाला चढत जाते, ‘वाकडे’ हा शब्द दोन स्वरांमध्ये हेलकावतो, तर ‘सपाट’ या शब्दावर स्वर दीर्घकाळ स्थिर राहतो. तथापि संगीत नेहमीच शब्दानुगामी असते असे नाही. बालकाच्या जन्माचे समूहगान हँडेलने त्याच वर्षीच्या आपल्या एका इटालियन प्रेमविषयक युगुलगीतावरून घडविले. तेथे आरंभीच्या नकारावर पडणारा आघात येथे एका साध्या उभयान्वयी अव्ययाच्या वाट्याला आला. श्रोता मात्र त्या आनंदात ही विसंगती विसरतो.

फादर स्टीफन्सच्या १६१६ मधील ‘क्रिस्तपुराणा’त बायबलकथा ओवीत नव्याने अवतरते, तेथील कर्तृत्व आपण विनासंकोच मान्य करतो. जेनेन्सने पुनर्कथन केले नाही. निवड, क्रम आणि सर्वनाम एवढ्याच साधनांनी अर्थ घडविला. साधने अल्प असल्याने कर्तृत्व अल्प ठरत नाही. आणि जबाबदारीही नाही. तौलनिक साहित्याच्या अभ्यासक्रमात अशा संहितांना स्थान मिळाले पाहिजे. मात्र त्या वाचताना मूळ वचने शेजारी उघडी असावीत. संकलकाने काय घेतले याइतकेच, कोणाच्या मुखातून घेतले, हेही तपासले पाहिजे.