रत्नागिरीचे जावई

१२ जून १९४६ या दिवशी रत्नागिरीत ठाकूर वकिलांच्या कन्येचा विवाह नोंदणी पद्धतीने साधेपणाने झाला. वधू सुनीता ठाकूर, वर पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे. पुढे ५४ वर्षांनी, २००० साली, त्याच १२ जूनला पु. लं.नी पुण्यात देह ठेवला. विवाहाचा आणि वियोगाचा दिवस एकच ठरावा, हा योग विलक्षण खरा. या तारखेमुळे रत्नागिरीचे आणि महाराष्ट्राच्या या थोर विनोदकाराचे नाते अधिकच जवळचे वाटते.

पु. लं.वर हक्क सांगणारी गावे पुष्कळ आहेत. ते ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत जन्मले, पार्ल्यात वाढले, बेळगावच्या महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि पुण्यात ते स्थायिक झाले. आपल्या गावाच्या वाट्याला केवळ सासुरवाडीचा मान आला. तरीही या सासुरवाडीला त्यांनी जे दिले, ते अन्य गावांना हेवा वाटावा असे आहे. ‘व्यक्ती आणि वल्ली’ या ग्रंथातील अंतू बर्वा आपल्या मधल्या आळीतला आहे. या ग्रंथाला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला आणि मधली आळी मराठी वाचणाऱ्या घराघरांत पोहोचली.

आपण व्यापारी माणसे. म्हणून या व्यक्तिचित्रातील एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. अंतूला सारा गाव ‘अंतूशेट’ म्हणतो. का, तर कोणे एके काळी त्याने बंदरावर दुकान काढले होते. ते दुकान केव्हाच बुडाले. ‘शेट’ ही पदवी मात्र त्याला जन्मभर चिकटून राहिली. बाजारात वावरलेल्या माणसाला या एका तपशिलाचे मोल वेगळे सांगायला नको. बुडालेल्या दुकानाची गोष्ट सांगताना लोक सहसा दोनच सूर लावतात: कीव करण्याचा किंवा टिंगल करण्याचा. पु. लं.नी दोन्ही टाळले. त्यांचा अंतूशेट फाटक्या परिस्थितीतही कोणापुढे वाकत नाही. त्याची जीभ तिरकी आहे. गावात वीज आली, तेव्हा आपले दारिद्र्य अंधारातच झाकलेले बरे, असे तो बोलून जातो. ऐकणारा आधी हसतो आणि मग गप्प होतो. हाच अंतूशेट परदेशी निघालेल्या जावयाच्या हाती अंगाऱ्याची पुडी ठेवतो, तेव्हा त्या तिरक्या जिभेमागची माया उघड होते.

पु. लं.च्या विनोदाचे मर्म येथे आहे. ज्याच्यावर आपण हसलो, तो माणूस हसून झाल्यावर आपल्याला अधिक जवळचा वाटतो. १९६१ पासून ‘बटाट्याची चाळ’ या एकपात्री प्रयोगात रंगमंचावर एकटा उभा राहून हा माणूस अख्खी चाळ जिवंत करीत असे. त्या चाळीतले भाडेकरू चिंगूस, बढाईखोर, हट्टी असे सारे काही होते; पण तुच्छ असा एकही नव्हता.

या हास्यातून जे धन आले, त्याचा विनियोगही ध्यानात घेण्याजोगा आहे. १९६५ साली पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान स्थापन झाले आणि मिळकतीचा मोठा भाग लोककार्याकडे वळू लागला. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, त्यास देशपांडे दांपत्याने एक लाख रुपयांचे साहाय्य दिले. या साऱ्या व्यवहाराची चोख व्यवस्था पाहणाऱ्या होत्या सुनीताबाई. प्रयोगांच्या मागची शिस्त त्यांची, करारांची काटेकोर तपासणी त्यांची आणि दान योग्य हाती पडावे ही दक्षताही त्यांचीच. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आहे मनोहर तरी’ या पुस्तकात त्यांनी आपल्या सहजीवनाचा जमाखर्चही तितक्याच परखडपणे मांडला. जावयाचा गौरव करताना रत्नागिरीने आपल्या या लेकीला विसरता कामा नये.

आपल्या गावात आर्ट सर्कलच्या वतीने पुलोत्सव साजरा होतो, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु खरी आदरांजली सभागृहापेक्षा आपल्या घरात आणि पेढीवर वाहावी लागेल. आज हसण्याला तोटा नाही. भ्रमणध्वनीवर सकाळपासून विनोदांचा पाऊस पडतो. त्यांतले कितीतरी कोणाच्या रंगावर, बोलीवर, कोणाच्या सुनेवर वा घरातल्या वृद्धांवर बेतलेले असतात. लग्नसमारंभाच्या पंगतीत एखाद्याच्या बसलेल्या धंद्याचा विषय निघतो, चार जण हसतात आणि तो गृहस्थ मान खाली घालून ताटातले चिवडत राहतो. त्याचे भांडवल गेलेलेच असते. उरलेली पत आपल्या हसण्याने जाते. अशा वेळी अंतूशेटची आठवण व्हावी. दुकान बुडाल्यावरही गावाने त्याची ‘शेट’ ही पदवी काढून घेतली नाही.

येत्या सुटीत मुलांना जवळ बसवून हे व्यक्तिचित्र मोठ्याने वाचावे. स्वतः पु. लं.च्या आवाजातील त्याचे ध्वनिमुद्रणही उपलब्ध आहे. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या नातवंडांना काही शब्द अडतील, ते आजी-आजोबांनी समजावून द्यावेत. मुले कोठे हसतात आणि कोठे थांबतात, याकडे मात्र लक्ष असू द्यावे. विजेच्या त्या वाक्याशी ती थांबली, तर आपल्या जावयाचे देणे पुढल्या पिढीच्या हाती पोहोचले असे समजावे.