हेडन-हुमेलच्या पुढचा ट्रम्पेट

ऑर्केस्ट्रातल्या जागेसाठी ऑडिशन देणाऱ्या ट्रम्पेटवादकाकडे हेडन किंवा हुमेल यांचा कॉन्चेर्टो तयार असावाच लागतो. पहिला 1796चा, दुसरा 1803चा. दोन्ही रचना श्रेष्ठ आहेत, त्यांचा मान कमी करण्याचे कारण नाही. पण व्हायोलिनला पुढच्या शतकात जो ठेवा मिळाला, तो ट्रम्पेटच्या वाट्याला आलाच नाही. 1818च्या सुमारास व्हॉल्व्ह आले, सगळे स्वर सहज निघू लागले. तरी बेथोव्हन किंवा ब्राम्स यांनी या वाद्यासाठी कॉन्चेर्टो लिहिला नाही. त्यामुळे ट्रम्पेटवादकाने आजच्या संगीताकडे वळणे ही हौस नव्हे, त्याची गरज आहे.

हेडन आणि हुमेल यांनीही त्या काळी नवेच काही केले होते. व्हिएन्नाच्या आंतोन वाइडिंगरजवळ चाव्या लावलेला नवा ट्रम्पेट होता. दोघांनी लिहिले ते त्याच्यासाठी. आपल्या काळात स्वीडनच्या होकान हार्डेनबर्गरसाठी बर्टविसल, ग्रुबर, ओल्गा नॉयविर्थ यांनी मोठ्या रचना लिहिल्या. त्याआधी 1960च्या दशकात वाइनबर्गने सोव्हिएत वादक दोक्शित्सेरसाठी कॉन्चेर्टो लिहिला. इतका मनस्वी कॉन्चेर्टो आजही क्वचितच ऐकायला मिळतो, याची खंत वाटते.

यातल्या बऱ्याच रचनांना ऑर्केस्ट्रा लागतो आणि तो विद्यार्थ्याला कुठून मिळणार? पण तोरू ताकेमित्सूच्या ‘पाथ्स’ला साथीदारही लागत नाही. 1994 साली लुतोस्वाव्स्कीच्या स्मरणार्थ लिहिलेली ही छोटी रचना आहे. वादक एक ओळ मोकळ्या ट्रम्पेटवर वाजवतो, मग ट्रम्पेटच्या तोंडात आवाज दाबणारा म्यूट बसवून दुसरी. आवाज एकदम दूर जातो, जणू दुसऱ्याच कुणी उत्तर दिले. सूर धरून ठेवणे, म्यूट काढता-घालताना लय न मोडू देणे, शांतता ऐकणे, हे सगळे तिथे तपासले जाते. बेरिओच्या 1984च्या ‘सेक्वेन्झा दहा’मध्ये पियानोवादक आवाज न करता पट्ट्या दाबून धरतो. ट्रम्पेटवादक पियानोच्या दिशेने फुंकतो आणि मोकळ्या झालेल्या तारा स्वतःहून झंकारतात. ती रचना अवघड आहे, पण काही वर्षांच्या तयारीने आवाक्यात येणारी.

परीक्षा आणि ऑडिशनच्या याद्या ठरवणाऱ्यांनी हेडन ठेवावाच. त्याच्या जोडीला 1950नंतरची एक रचना सक्तीची करावी, आणि ती वादकालाच निवडू द्यावी.